जोशीबाईंची नकटी

चारठाण्याच्या काशीनाथबुवा जोशांच्या पडशीत दोन वस्तू कायम असायच्या. पुढच्या खणात पंचांग आणि मागच्या खणात रिव्हॉल्वर. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. मुहूर्त बघायला बुवांनी पडशी खाली ठेवली की मागचा खण फरशीवर ठक्कन वाजायचा. एखादा नवखा पाहुणा विचारायचा, "बुवा, एवढं जड काय हाय त्यात?" बुवा पंचांगातून मान वर न काढता म्हणायचे, "मागच्या जन्मीची दक्षिणा."

त्यांची एकुलती एक लेक अनसूया. आज त्या एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. सासरचं आडनाव शाळेच्या मस्टरवर राहिलं. गावासाठी त्या जोशीबाईच. बुवांच्या मागं ती पडशी त्यांच्या खांद्यावर आली, आणि परवापरवापर्यंत रोज सकाळी त्या ती घेऊन डोंगराकडं फिरायला जात.

रिव्हॉल्वर होतं मोठं विचित्र. लांबीला वीतभरसुद्धा नाही. नळी जेमतेम तीन बोटं, पण तिचं तोंड असं रुंद की लहानपणी अनसूयाबाईंचं बोट त्यात सहज जायचं. पाच गोळ्यांची चक्री, लाकडाची गोल मूठ, आणि वजन मात्र पाट्याच्या वरवंट्यासारखं. बुटकं, जाड, नाक छाटल्यासारखं. बुवांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी त्याला बघून "ही कुठली नकटी आणली घरात?" असं विचारलं आणि तेच नाव पडलं. देवघराच्या भिंतीलासुद्धा ती लागू नये असा त्यांचा दंडक होता. म्हणून नकटी ओसरीवरच्या संदुकीत, कुलपात राहायची.

ती आली कशी, तर एका साहेबाच्या मैत्रीतून. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. ‘जंगलात’ म्हणजे वनखात्याचे इनायतअली नावाचे साहेब जिंतूरच्या डोंगरातली झाडं मोजायला आले. त्यांना झाडांची इकडची नावं सांगणारा कुणीतरी हवा होता. जोशांच्या घरात भिक्षुकीच्या जोडीला वैद्यकी चालायची, त्यामुळं पंचविशीतल्या काशीनाथला झाड, वेल, मूळ, सगळं पाठ. दोन हिवाळे दोघं मिळून डोंगर हिंडले. साहेब घोड्यावर आणि काशीनाथ पायी निघायचे. थोड्या वेळानं साहेबही उतरून पायीच चालायला लागायचे. पुढं राज्य बदललं, साहेबांना हैदराबादेला जावं लागलं. जाण्याच्या दिवशी त्यांनी कमरेची नकटी काढली, काडतुसांचा डबा आणि परवान्यासाठी तहसीलदाराच्या नावानं एक चिठ्ठी तिच्यासोबत ठेवली.

"पंडत, जंगल में खाली हात नक्को जाना."

"साहेब, मी भटजी माणूस. मी कुणाला मारणार?"

"मारने को नै दे रा. डर लगे तो हात रखने को दे रा."

हे बोलणं बुवा अगदी साहेबांच्या आवाजात सांगायचे. साहेबांची पुन्हा भेट झाली नाही. त्यांचं एक पत्र आलं, बुवांच्या दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही.

बुवांचे यजमान डोंगराच्या अलीकडच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर पसरलेले. एस.टी. तेव्हा पक्क्या सडकेवरच धावायची. सत्यनारायण असो की बारसं, बुवा रानातल्या पाऊलवाटेनं जायचे, आणि सात वर्षांची झाल्यापासून अनसूया त्यांच्या मागं लागायची. जाताना बुवा भराभर चालत, कारण मुहूर्त गाठायचा असे. येताना मात्र त्यांना घर आठवायचं नाही. वाट सोडून ते उतारावर शिरायचे. सालईचा डिंक कसा खरवडायचा, टेंभुर्णीचं फळ कधी तोंडात घालायचं आणि कधी नाही, वारुळाकडं कुठल्या बाजूनं जाऊ नये, हे चालता चालता सांगायचे. वळण आलं की थांबायचे. उजवा हात पडशीच्या मागच्या खणावर ठेवायचे, कान द्यायचे आणि मग पाऊल टाकायचे.

"अण्णा, तुम्हाला भीती वाटायली का?" तिनं एकदा विचारलं.

"वाटते की. रानात भीती वाटलीच पाहिजे, अने. ज्याला वाटत नाही त्यानं घरी बसावं."

तेव्हा उतारावर एक मोठा धावडा होता. पांढुरक्या गुळगुळीत बुंध्याचा, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्या सावलीत बसून बापलेक प्रसादाचा शिरा खायचे. पडशी मध्ये असायची. ऊन पानांमधून खाली यायचं, लांब कुठंतरी तांबट पक्षी ठोकत बसलेला असायचा. एवढ्या वर्षांनंतरही अनसूयाबाईंना साजूक तुपाचा वास आला की आधी देव आठवत नाही, धावडा आठवतो.

नकटी बुवांच्या हातून एकदाच उडाली. अनसूया तेव्हा दहा वर्षांची होती. शेजारच्या वाडीत पिसाळलेला लांडगा दोघांना चावल्याची बातमी सकाळीच आली होती. बुवांना पलीकडच्या वस्तीवर वास्तुशांतीला जाणं भाग होतं. अनसूयाला ते नेणार नव्हते; पण ती रडून रडून लाल झाली, आणि बुवांना लेकीचं रडणं सोसत नसे. जाताना काही झालं नाही. येताना ओढ्यापाशी वाटेच्या मधोमध तो उभा होता. मान एका अंगाला पडलेली, तोंडाला फेस, चाल झोकांड्या खाणारी. माणूस दिसल्यावर लांडगा पळतो. हा त्यांच्याकडं यायला लागला.

"माझं उपरणं धर. काही झालं तरी सोडू नकोस," बुवा म्हणाले.

तिनं दोन्ही मुठींत उपरणं धरलं. पडशीचा बंद सुटल्याचा, मग घोडा ओढल्याचा आवाज तिनं ऐकला. बुवा "राम, राम" म्हणत होते की नुसता श्वास घेत होते, ते तिला कळलं नाही. लांडगा दहा पावलांवर आला, सातवर आला. मग असा बार झाला की सगळ्या डोंगरानं तो परत दिला. बुवांचा हात डोक्याच्या वर फेकला गेला आणि ते दोन पावलं मागं येऊन लेकीच्या अंगावर कोसळले. तिच्या कानात पुढचे दोन दिवस रातकिडे ओरडत होते.

लांडगा जागीच पडला होता. बुवा खाली बसले.

"अण्णा, मेला का?"

"सुटला," बुवा म्हणाले.

कुत्र्याकोल्ह्यांनी त्याला तोंड लावू नये म्हणून दोघांनी लांबूनच त्याच्यावर दगड आणि बाभळीच्या फांद्या रचल्या. घरी येऊन बुवांनी विहिरीवर अंघोळ केली आणि तीन दिवस एकवेळ जेवले. गाव नारळ घेऊन आलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "आजारी जीव होता. त्याचा कसला सत्कार?" म्हणून सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्यानंतर नकटी पुन्हा कधी उडाली नाही. पण बुवा तिच्याशिवाय रानात गेलेही नाहीत.

अनसूयाबाईंचं लग्न जिंतूरला झालं. नवरा एस.टी.त कारकून, स्वभावानं गरीब, हसरा. लग्नाच्या नवव्या वर्षी कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला. मैथिली तेव्हा सहा वर्षांची. अनसूयाबाईंनी बदली मागून घेतली आणि लेकीला घेऊन चारठाण्याला माहेरी आल्या. घरात बघतात तर आई थकलेली आणि अण्णांचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. त्यांना उजेड कळायचा, त्यातलं काही कळायचं नाही.

पहिल्याच रविवारी बुवांनी विचारलं, "अने, डोंगराकडं जायचं का?"

गेल्या की त्या. बुवांनी संदूक उघडायला लावली, नकटी पडशीत घातली आणि पडशी स्वतःच्या खांद्यावर घेतली. परवाना त्यांच्या नावचा होता, दुसऱ्याच्या हाती ती द्यायची नाही असा कायदा त्यांना साहेबांनी शिकवला होता. पुढची सहा वर्षं दर रविवारी हे असंच चाललं. हत्यार आंधळ्या बापाच्या खांद्यावर आणि डोळे लेकीचे.

पण रान आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. अण्णांची नजर जात गेली त्याच वर्षांत तोड झाली होती. अण्णा चालताना पावलं मोजायचे आणि विचारायचे, "इथं डाव्या हाताला सालईची तीन झाडं आहेत ना?" तिथं उघडा मुरूम असायचा. अनसूयाबाई म्हणायच्या, "आहेत की अण्णा." "चारोळीला मोहर आलाय का?" "आलाय. झाड नुसतं भरून गेलंय." पहिल्यांदा खोटं तोंडातून आपोआप गेलं. मग ते रविवारचं व्रतच झालं. वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणणारी बाई रविवारी बापाच्या डोळ्यांसमोर अख्खं रान उभं करायची. कुठं कुठलं झाड सांगितलंय ते लक्षात ठेवावं लागायचं, म्हणून घरी येऊन ती जुनी वाट मनातल्या मनात पुन्हा चालायची. त्यामुळं एक झालं. जे रान तोडलं गेलं होतं, ते अनसूयाबाईंना कायमचं पाठ झालं.

एकदा उतारावर आल्यावर बुवा थांबले. "धावडा आहे का गं?"

"आहे अण्णा. यंदा पालवी चांगली फुटलीय."

"ने मला त्याच्यापाशी. हात लावतो."

धावड्याच्या जागी खड्डा होता. बुंधाही मुळासकट उकरून नेला होता. पंचवीस पावलांवर एक खैर उरला होता, खरबरीत सालीचा, बारक्या अंगाचा. त्यांनी अण्णांचा हात धरून खड्ड्याला वळसा घातला आणि तो हात खैरावर ठेवला. बुवांनी साल वरपासून खालपर्यंत चाचपली. बराच वेळ. आयुष्यभर झाडं हातानं ओळखणारा माणूस. मग त्यांनी खैराला दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "बरंय. चांगलंय." परत येताना एकही झाड विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे अनसूयाबाईंना आजही सांगता येत नाही.

बुवा एक्याण्णव साली गेले. वारस म्हणून परवाना आपल्या नावावर करायला अनसूयाबाई परभणीला कचेरीत गेल्या. अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी सरळ लिहिलं होतं: रानात फिरण्यासाठी. कारकुनानं तो अर्ज शेजारच्या टेबलावर दाखवला, मग त्याच्या शेजारच्या, आणि सगळी कचेरी हसली. "बाई, शेत असंल तर पीकसंरक्षण लिव्हा, न्हाईतर सोसंरक्षण लिव्हा. फिरायला कुनी बंदूक मागतं का?" त्यांनी खोडून स्वसंरक्षण लिहिलं. पुढं नूतनीकरणाच्या फेऱ्या, आणि प्रत्येक निवडणुकीला ठाण्यात नेऊन जमा करायचं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही उगीच नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या मनात आलं, एकदा चालवून तर बघावी. बंद पडलेल्या खडीच्या खाणीत त्या एकट्याच गेल्या. कानात कापूस घातला. लहानपणचा तो बार आठवून डोळे मिटले आणि चाप दाबला.

टक.

दुसऱ्यांदा टक. पाचही घरं फिरली. डब्यातली उरलेली चार काडतुसंही त्यांनी घालून बघितली. एकातून फुस्स करून थोडा धूर आला, बस. परभणीच्या हत्यारांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकानं एक काडतूस भिंगाखाली धरलं आणि मान हलवली. "बाई, ह्या बोअरचा माल आता कुठंच मिळायचा नाही. हे मेलेलं हाय."

त्या दिवशी नकटी संदुकीत ठेवून द्यायला हवी होती, हे त्या आता कबूल करतात. त्यांनी तसा प्रयत्नही केला. दुसऱ्या सकाळी रिकाम्या खांद्यानं निघाल्या, आणि गावाबाहेरच्या पहिल्या वळणावरच पाऊल अडलं. खांद्यावर ते ओझं नव्हतं, पाठीला तो ओळखीचा धक्का नव्हता, आणि अण्णा बरोबर नव्हते. त्या घरी परतल्या, मेलेली पाच काडतुसं चक्रीत भरली, पडशी घेतली आणि पुन्हा निघाल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं कदाचित. पण विचारतंय कोण?

केशरबाईची ओळख झाली त्याला वीस वर्षं होत आली. गावकुसाजवळ राहणारी, शेरडं राखणारी, अनसूयाबाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान. नवरा उसाच्या टोळीत जायचा. ती घर आणि शेरडं बघायची. डोंगराच्या पायथ्याशी रोज गाठ पडायची. एके दिवशी तिनं शेरडं अनसूयाबाईंच्या मागोमाग घातली.

"बाई, आत चारा लय हाय. पर एकटीला भ्या वाटतं. तुमच्यापाशी ती नकटी हाय म्हनत्यात. म्या येऊ का मागं?"

"ये की," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या क्षणी सांगता आलं असतं. पण अण्णा गेल्यापासून रानात त्यांच्याजवळ कुणी चाललेलं नव्हतं.

मग रोजचं झालं. केशरबाई टेंभुर्ण्या काढून द्यायची, अनसूयाबाई घरून चहाचा थर्मास न्यायच्या. नातवंडं झाली तेव्हा केशरबाई नातीला, अपेक्षाला, झोळीत घालून आणायची. मैथिलीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, तेव्हा अनसूयाबाई पहिल्यांदा रडल्या त्या डोंगरावर, केशरबाईच्या शेजारी. केशरबाई गावात सांगायची, "मी कुटंबी जाते. माज्यामागं बाई असत्यात."

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर डोंगरात बिबट्या आला. आधी पायाचे ठसे दिसले, मग शेतातल्या एका आखाड्यावर बांधलेलं वासरू गेलं. वनखात्यानं पिंजरा लावला, एकट्यादुकट्यानं जाऊ नका म्हणून दवंडी दिली. अनसूयाबाई आठ दिवस घरी बसल्या. नवव्या दिवशी दुपारी केशरबाई धापा टाकत दारात आली.

"बाई, माजी गाभण शेळी ऱ्हायली वड्यात. म्या आवाज ऐकला. चला बिगीबिगी, नकटी घ्या."

"केशर, वनखात्याला फोन करू. त्यांची माणसं—"

"ती येस्तवर काय ऱ्हातंय? तुमी हायसा न्हवं? चला!"

अनसूयाबाईंनी पडशी घेतली. पायात चपला घालताना सांगायचं ठरवलं. गाव संपल्यावर सांगू म्हणाल्या. पायथ्याशी सांगू. केशरबाई पुढं जवळजवळ पळत होती आणि ह्यांना धाप लागलेली. बोलणं होईचना, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

ओढ्याच्या वळणावर केशरबाई थांबली. समोर पंधरावीस पावलांवर, करवंदीच्या जाळीखाली, शेळी पडलेली होती. तिच्यावर पंजा ठेवून तो बसला होता. ऊन लख्ख होतं. त्याची मिशीसुद्धा दिसत होती. त्यानं ह्या दोघींकडं बघितलं आणि छातीतून एक आवाज काढला, जात्याचा असतो तसा.

केशरबाई मागं न बघता हळूच बोलली, "बाई, काढा भाईर. म्या फुडं हुन काठीनं हुसकिते. अंगावर आला की हाना."

आणि ती निघाली. काठी उगारून एक पाऊल, दुसरं, तिसरं. सगळं आयुष्य शेरडांमागं गेलेली बाई. शेळी तिला पोरीसारखी. तिच्या पावलांत भीती अशी नव्हतीच. मागं नकटी होती ना!

अनसूयाबाईंचा हात पडशीत होता. मूठ हातात होती. हुसकायला निघालेल्या त्या पाठीकडं बघताना त्या एकदम ओरडल्या.

"केशर, थांब! फिर माघारी! हे वाजत नाही! ह्याच्यात काही नाही, केशर!"

केशरबाईनं मान वळवली. तिचं तोंड अनसूयाबाईंनी त्याआधी कधी तसं बघितलं नव्हतं. अनसूयाबाई पुढं धावल्या, तिचा पदर धरला आणि दोघी पाठमोऱ्या न होता, पाऊल पाऊल करत मागं सरकल्या. ओरडण्यानं असेल, नाहीतर त्याच्या मनात आलं असेल, बिबट्या उठला, शेळी मानेला धरली आणि काठ चढून दिसेनासा झाला.

केशरबाई झपाझप पायथ्यापर्यंत उतरली. गाव दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, "कवापून?"

"चौऱ्याण्णवपासून."

"म्हंजी माज्या वळकीच्या आदीपून."

"हो."

केशरबाई आपल्या वाटेनं गेली.

ती दहा दिवस आली नाही. पिंजऱ्याजवळ बिबट्याचे ठसे दिसले, मग कुणी म्हणालं तो येलदरीच्या बाजूला गेला. अनसूयाबाई ओसरीवर बसून राहायच्या. अकराव्या दिवशी त्यांनी पडशी उचलली आणि ठाण्यात गेल्या. निवडणूक नव्हती, त्यामुळं टेबलावरच्या जमादारानं आश्चर्यानं वर बघितलं.

"काय बाई, आज कसं काय?"

"कायमची जमा करायचीय. परवानाही घ्या."

त्यानं नकटीची मान मोडून काडतुसं टेबलावर ओतली, एकेक उचलून बघितलं. "चांगली निगा राखलीय. वडलांची हाय न्हवं? घरात कुनी वारस असंल तर त्याच्या नावावर करा की."

"लेक आहे पुण्याला. ती नको म्हणाली. आणि ही वाजत नाही."

"वाजत न्हाई? मग इतकी वर्सं जमा करायला कशाला आणत होता?"

अनसूयाबाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी सही केली. जमादारानं कागदाची चिठ्ठी नकटीच्या मुठीला दोऱ्यानं बांधली. एवढ्याशा त्या वस्तूला चिठ्ठी बांधलेली बघून त्यांना इनायतअली साहेब आठवले, ज्यांना त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. साहेबांनी ती कमरेची काढताना असंच वाटलं असेल का, कोण जाणे. पडशी घडी करून काखेत धरली आणि त्या तशाच केशरबाईच्या घरी गेल्या.

केशरबाई ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं बसायला पोतं सरकवलं, पण वर बघितलं नाही.

"शेळीचं न्हाई मला," ती म्हणाली. "शेळी जातीच कवातरी. पर म्या अपेक्षाला झोळीत घालून न्हेलं तिकडं. तुमच्या भरवशावर. तवा तरी सांगायचं हुतं."

तेहतीस वर्षं त्यांनी पोरांकडून चुका कबूल करवून घेतल्या होत्या. आता कळलं की ते किती अवघड असतं. "चुकलं माझं, केशर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अण्णांचं सांगितलं. ते रविवार, नसलेल्या सालई, नसलेला मोहर, आणि खैरावर ठेवलेला तो हात. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितलेली नव्हती, मैथिलीलाही नाही. बचावासाठी सांगत नव्हत्या. सांगायला बसल्या आणि निघत गेलं.

केशरबाईचा लसूण तसाच हातात राहिला. "म्हंजी झाडं न्हवतीच तितं?"

"नव्हती."

"आंदळ्या बापाला फसिवलं तुमी!" केशरबाई म्हणाली. तिला राग आणायचा होता, पण तोंड हसायला लागलं. "मंग आमी कोन, बाई! आमी कुन्या झाडाचा पाला!"

अनसूयाबाईंनाही हसू फुटलं. दोघी हसल्या, आणि हसताहसता केशरबाईनं पदरानं डोळे पुसले. तिनं आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत अनसूयाबाईंनी राहिलेला लसूण सोलून दिला.

लगेच काही सगळं पूर्ववत झालं नाही. केशरबाई आणखी दोन महिने शेरडं गावाजवळच्या पडीक रानातच चारत होती. संक्रांतीनंतर एका सकाळी तिनं दारातून हाक दिली. तिच्या हातात नवीन काठी होती, जाड वेळूची, खाली लोखंडी टोक मारलेली.

"येतासा का? पर आदीच सांगते, पैल्या वड्याच्या फुडं न्हाई जायाचं."

"नको जाऊया."

अनसूयाबाईंनी पायात चपला घातल्या. दहा पावलं गेल्यावर त्यांचा उजवा खांदा आपोआप खाली झुकला. तीसेक वर्षांची ओझ्याची सवय. केशरबाईला ते दिसलं. शेरडं पुढं गेली होती. थंडी होती, आणि धुक्यातून देवळापुढचा उंच दगडी खांब नुकता वर आलेला दिसत होता. पुढं वाट अरुंद झाली, एकाच माणसापुरती. नेहमीसारख्या अनसूयाबाई मागं राहिल्या.

"मागं नगा ऱ्हाऊ आता," केशरबाई म्हणाली आणि स्वतः वाट सोडून दवानं भिजलेल्या गवतात उतरली. "या अशा, जोडीनं चाला."